देवमासे पाहायला क्रूझ कधीची घ्यावी? हंगाम ठरवण्याचा नीट क्रम

मे महिन्याची सुट्टी, कोलंबोचं परवडणारं विमान आणि मिरिसाच्या बोटीचा एक सुंदर फोटो. एवढ्या भांडवलावर मुंबई-ठाण्यातली कितीतरी कुटुंबं देवमासे पाहायला निघतात आणि श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हॉटेलच्या खिडकीतून खवळलेला समुद्र पाहून परत येतात. मिरिसाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मेमध्ये तिथे नैऋत्य मोसमी वारे सुरू होतात आणि बोटी बहुतेक दिवस बंद राहतात. देवमासे त्या समुद्रात असतीलही, पण तिथवर कोण नेणार?

आपण आधी सुट्टी धरतो, मग पॅकेज, मग बोट, आणि पैसे भरून झाल्यावर एजंटला विचारतो, "या दिवसांत मासे दिसतात ना?" हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असतो, तोही एजंटला नव्हे. खाली दिलेल्या टप्प्यांचा क्रम मोडू नका. तिसरा टप्पा आधी केला तर पहिल्या दोनांचा काही उपयोग उरत नाही.

त्याआधी: मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर दिसतील का?

बॅलार्ड पिअरहून गोवा, लक्षद्वीप किंवा कोचीला जाणारी क्रूझ देवमाशांसाठी घेऊ नका. अरबी समुद्रात देवमासे आहेत. ब्राइड्स व्हेल आहेत, निळे देवमासे आहेत, आणि दूरदेशी स्थलांतर न करता इथेच राहणारे हंपबॅकही आहेत. ओमानच्या बाजूला या हंपबॅकची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आहे. सिंधुदुर्गच्या समुद्रात संशोधकांनी निळे देवमासे नोंदवले आहेत. पण ही तुरळक दर्शनं आहेत. त्यांच्या भरवशावर महिना सांगता येईल असा हंगाम आपल्या किनाऱ्याला नाही. शिवाय या क्रूझ बरंचसं अंतर रात्री कापतात. वाटेत दिसला तर भाग्य समजा, तिकीट मात्र क्रूझसाठीच काढा. मुलांना समुद्रातला सस्तन प्राणी दाखवायचा असेल तर पावसाळा संपल्यावर तारकर्ली किंवा मुरूड-हर्णैला सकाळी डॉल्फिन पाहायला न्या. कमी खर्चात जास्त समाधान मिळेल.

टप्पा १: कोणता देवमासा, आणि तो तिथे कशासाठी येतो

कागदावर महिना लिहायच्या आधी माशाचं नाव लिहा. "व्हेल" एवढंच लिहून चालत नाही, कारण प्रत्येक जातीचं वर्षाचं फिरणं वेगळं.

हंपबॅक उन्हाळ्यात थंड पाण्यात खातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात जाऊन पिल्लं घालतात. अलास्काच्या किनाऱ्यावर मे ते सप्टेंबर पोट भरणारे हंपबॅक डिसेंबर ते एप्रिल हवाईला दिसतात. दक्षिण गोलार्धात हेच उलट. अंटार्क्टिकात डिसेंबर ते मार्च खाणं, आणि जून ते ऑक्टोबरच्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यानं उष्ण पाण्याकडे जाणं आणि परत येणं. "हंपबॅक कधी दिसतात?" या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. वर्षभर ते कुठे ना कुठे दिसतातच.

खाण्याच्या जागी गेलात तर खाणं दिसेल. अलास्कात काही हंपबॅक मिळून माशांच्या थव्याभोवती बुडबुड्यांचं जाळं विणतात आणि एकदम तोंडं उघडून वर येतात. हवाईत हे दिसणार नाही, तिथे ते जवळपास काहीच खात नाहीत. तिथे माता-पिल्लू, माद्यांमागे लागलेले नर, पाण्याबाहेर झेप घेणं, आणि नराचं पाण्याखालचं गाणं. दोन्ही अनुभव पूर्ण वेगळे. आपल्याला कोणता हवा हे घरात बसून ठरवा.

काही देवमासे फार लांब जातच नाहीत. न्यूझीलंडच्या कायकोउराला स्पर्म व्हेल बारा महिने दिसतात, कारण किनाऱ्यालगतच समुद्राची खोल दरी आहे आणि तिथे त्यांचं खाद्य आहे. श्रीलंकेचे निळे देवमासेही वर्षभर उष्ण पाण्यातच राहतात. त्यांचा "हंगाम" खरं तर आपल्या बोटींचा हंगाम आहे. ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, मात्र खाद्याच्या मागे धावतात. नॉर्वेच्या उत्तरेला, स्किएर्वॉयच्या बाजूला, हेरिंग माशांच्या थव्यांमागोमाग नोव्हेंबर ते जानेवारीत ते तिथल्या फ्योर्डमध्ये, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद खाड्यांमध्ये, शिरतात.

सावधान: मालदीवच्या पॅकेजमध्ये जो "व्हेल शार्क" असतो तो देवमासा नव्हे, शार्क आहे. तोही पाहण्यासारखाच आहे, पण हवेत फवारा उडवणारा प्राणी पाहायचा असेल तर ते पॅकेज तुमच्यासाठी नाही.

टप्पा २: तीन कॅलेंडरं एकावर एक ठेवा

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात, त्यामुळे या टप्प्याला घाई करू नका. एक कागद घ्या, बारा महिने लिहा आणि खाली तीन ओळी आखा: मासा कधी असतो, समुद्र कधी शांत असतो, क्रूझ कधी जाते. तिन्ही ओळींत खूण आली तोच महिना आपला.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण घ्या. केपटाऊनजवळच्या हर्मानसला सदर्न राइट व्हेल जून ते नोव्हेंबर येतात, सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. पण मोठ्या क्रूझ केपटाऊनला मुख्यतः तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, जातात. दोन्ही ओळी जेमतेम टोकाला शिवतात. जानेवारीची केपटाऊन क्रूझ घेऊन "राइट व्हेल दिसले नाहीत" म्हणण्यात अर्थ नाही. हर्मानसला क्रूझचा हट्ट सोडून विमानानं जावं आणि कड्यावरच्या पायवाटेवरून पाहावं. देवमासे किनाऱ्याच्या इतके जवळ येतात की बोटीची गरजच पडत नाही. ज्यांना बोटीत मळमळतं त्यांच्यासाठी आणि आजी-आजोबांसाठी माझ्या मते जगातली ही सर्वांत सोयीची जागा.

उलट अलास्कात तिन्ही ओळी छान जुळतात. क्रूझ एप्रिलअखेर ते ऑक्टोबर, हंपबॅक मे ते सप्टेंबर, आणि क्रूझचा बराच रस्ता बेटांच्या आडोशानं जाणारा, त्यामुळे लाटा कमी. डॉमिनिकन रिपब्लिकच्या समाना उपसागरात हंपबॅक जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत असतात आणि कॅरिबियन क्रूझचाही तोच भर हंगाम.

श्रीलंकेत दुसरी ओळ सगळं ठरवते. दक्षिणेला मिरिसा डिसेंबर ते एप्रिल चांगलं. दक्षिणेचा समुद्र पेटला की पूर्वेचा शांत होतो, म्हणून मे ते ऑगस्टमध्ये त्रिंकोमाली. २०२३ च्या जूनमध्ये चेन्नईहून सुरू झालेल्या क्रूझच्या मार्गावर हंबनटोटा, त्रिंकोमाली आणि कंकेसंतुराई ही बंदरं होती. अशा पावसाळी सफरीत देवमाशांची बोट कुठून घ्यायची? त्रिंकोमालीहून. हंबनटोटा दक्षिण किनाऱ्यावर आहे, तिथे त्या दिवसांत नाही.

तपासणी: दुसरी ओळ भरताना नुसता पाऊस पाहू नका, वारा पाहा. ताशी २० किलोमीटरच्या पुढे वारा गेला की समुद्रावर सगळीकडे पांढऱ्या लाटा दिसू लागतात आणि त्यात फवारा ओळखू येत नाही. रिमझिम पावसात शांत समुद्र परवडला, लख्ख उन्हातला वारा नको.

टप्पा ३: हंगाम कळला, आता त्यातला पंधरवडा

"मे ते सप्टेंबर" म्हणजे पाचही महिने सारखे असं नाही. कडेचे आठवडे स्वस्त असतात, त्यामागे कारण असतं.

अलास्कातल्या जूनोला मेच्या सुरुवातीला हंपबॅक येऊ लागलेले असतात, जून ते ऑगस्ट भरपूर, आणि सप्टेंबरमध्ये पावसाचा जोर वाढतो. मे आणि जून त्यामानानं कोरडे. हवाईत डिसेंबरच्या सुरुवातीला थोडेच, जानेवारी ते मार्च ऐन बहर, एप्रिलमध्ये मागे राहिलेल्या माता आणि पिल्लं. अंटार्क्टिकात डिसेंबरमध्ये बर्फ सुंदर आणि पेंग्विनची पिल्लं बाहेर पडू लागलेली, पण देवमाशांसाठीच जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च. नॉर्वेच्या ऑर्कांसाठी नोव्हेंबरचा पूर्वार्ध घ्या. ट्रोम्सोच्या भागात नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी थोडा वेळ निळसर उजेड असतो, तेवढ्यात काय ते पाहायचं.

पंधरवडा पक्का करण्याआधी त्या ठिकाणच्या बोटवाल्यांच्या जुन्या नोंदी पाहा. पुष्कळ जण रोज काय दिसलं ते टाकतात. हॅपीव्हेल नावाच्या संकेतस्थळावर जगभरच्या लोकांनी टाकलेले फोटो तारीख आणि जागेसह असतात. एकाच वर्षावर विसंबू नका, दोन-तीन वर्षांचा तोच आठवडा पाहा. उत्तर पॅसिफिकमध्ये २०१४ ते २०१६ या काळात समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा बरंच तापलं, खाद्य घटलं आणि अलास्कात येणाऱ्या हंपबॅकची संख्याही घटली. एका चांगल्या वर्षाचा व्हिडिओ म्हणजे पुरावा नव्हे.

टप्पा ४: आता आपल्या सुट्ट्या काढा

आपली सुट्टी चौथ्या क्रमांकावर येते हे कटू आहे, पण त्याला इलाज नाही. इथे पोहोचेपर्यंत तुमच्या हातात दोन-तीन जागा आणि त्यांचे पंधरवडे असतील. आता ते मुंबईच्या वर्षावर बसवा.

मे ते जूनचा मध्य. शाळा बंद, म्हणून सगळे याच वेळी निघतात. यात मिरिसा बाद, त्रिंकोमाली चालेल. पैसे आणि व्हिसा यांची तयारी असेल तर मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत अलास्का. मुंबईच्या शाळकरी मुलांच्या कुटुंबांना मी हेच सुचवतो: मासे पुरेसे, पाऊस कमी, दिवस मोठा. आइसलँडच्या हुसाविकलाही बोटी चालू असतात. तिथे जून जास्त चांगला, पण शाळा उघडायच्या तारखेवर डोळा ठेवा.

गणपती आणि त्याच्या आगेमागे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जगातले उत्तमोत्तम पर्याय खुले असतात: अलास्का, हर्मानस, ऑस्ट्रेलियातला हर्वी बे. कोकणात ज्यांच्या घरी गणपती येतो ते कुठेच जाणार नाहीत, आणि जाऊही नये. बाकीच्यांनी विसर्जनानंतरचे आठवडे पाहावेत. अलास्कासाठी छत्री नव्हे, चांगला रेनकोट.

दिवाळी. ती कधी ऑक्टोबरच्या मध्यानंतर येते, कधी नोव्हेंबरात, आणि त्यावर सगळं अवलंबून. ऑक्टोबरात आली तर हर्मानस उत्तम, हर्वी बेचा हंगाम संपत आलेला पण अजून हाताशी. नोव्हेंबरात आली तर नॉर्वेचे ऑर्का. दिवाळीत मिरिसा मात्र घाईचं ठरतं. समुद्र अजून निवळत असतो, बोटी कधी जातात, कधी नाही. महिनाभर थांबून नाताळात जा.

नाताळ. मिरिसाचा हंगाम लागलेला, मुंबईहून कोलंबोचं विमान सुमारे अडीच तासांचं, आणि विमानतळापासून दक्षिणेकडे द्रुतगती मार्ग. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी आणि लहान मुलं असणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. अलास्काच्या खर्चाशी याची तुलनाच नाही.

फेब्रुवारी-मार्च. देवमाशांच्या दृष्टीनं वर्षातला सर्वांत श्रीमंत काळ: मिरिसा, हवाई, समाना, अंटार्क्टिका, मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातल्या खाड्यांमध्ये ग्रे व्हेल, सगळं एकाच वेळी. आणि आपल्याकडे नेमक्या दहावी-बारावीच्या परीक्षा. ज्यांच्या घरात यंदा बोर्डाचं वर्ष नाही, किंवा जे निवृत्त आहेत, त्यांनी मेची गर्दी बाकीच्यांना सोडून याच दिवसांत निघावं.

सावधान: एकही पंधरवडा जुळत नसेल तर पुढच्या वर्षावर ढकला. "चला, मे आहे तर मे" म्हणून चुकीच्या महिन्यात लाखभर रुपये घालवण्यापेक्षा सात-आठ महिने थांबणं केव्हाही बरं.

टप्पा ५: मोठी क्रूझ, छोटी एक्सपिडिशन बोट की किनाऱ्यावरून फेरी

मोठ्या क्रूझचा डेक पाण्यापासून कित्येक मजले उंच असतो आणि ती ताशी तीस-पस्तीस किलोमीटरनं चालत असते. मासा दिसला म्हणून कप्तान बोट थांबवत नाही, वळवत तर नाहीच. उंचीचा फायदा एवढाच की लांबचे फवारे आधी दिसतात. जवळून पाहायचं असेल तर बंदरात उतरून छोट्या बोटीची फेरी वेगळी घ्यावीच लागते. क्रूझच्या भाड्यात ती सहसा धरलेली नसते, बजेटमध्ये आधीच वेगळी मांडा. एका सफरीत अशा दोन फेऱ्या, दोन वेगळ्या बंदरांतून, ठेवल्यात तर एक दिवस हवामान बिघडलं तरी दुसरा हाती राहतो. अलास्कात जूनो आणि आयसी स्ट्रेट पॉइंट ही जोडी त्यासाठी पक्की.

एक्सपिडिशन बोटी लहान असतात, मासा दिसला तर थांबतात, बरोबर जाणकार असतो, आणि भाडं बरंच जास्त. अंटार्क्टिकात तर हा निर्णय आधीच झालेला आहे: पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तिथे किनाऱ्यावर माणसं उतरवता येत नाहीत, आणि एका जागी एका वेळी शंभराहून जास्त लोक उतरू शकत नाहीत. मोठ्या जहाजाचं स्वस्त तिकीट दिसलं तर ते "लांबून पाहून परत" असं असतं, हे समजून घ्या.

बोट निवडताना आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. जी बोट "अगदी जवळ नेऊ" अशी जाहिरात करते, ती घेऊ नका. अलास्कात हंपबॅकपासून किमान शंभर यार्ड, म्हणजे सुमारे ९० मीटर, लांब राहण्याचा कायदा आहे. मिरिसाला गर्दीच्या दिवशी एका माशाभोवती बऱ्याच बोटी जमतात, तो दचकून बुडी मारतो आणि मग कोणालाच काही दिसत नाही. इंजिन मंदावून बाजूनं चालणारी बोट जास्त वेळ मासा दाखवते. आधीच्या प्रवाशांच्या प्रतिक्रियांमध्ये किती जवळ गेले ते वाचू नका, किती वेळ पाहिलं ते वाचा.

टप्पा ६: वेळापत्रकातली एक ओळ नीट वाचा

समजा, क्रूझच्या माहितीपत्रात अशी ओळ आहे: "जूनो, आगमन दुपारी १.३०, प्रस्थान रात्री १०." ही ओळ चांगली की वाईट?

फेरीला, धक्क्यावरून बसनं देवमाशांच्या बोटी सुटतात त्या ऑक बेपर्यंत जाणं धरून, तीन ते चार तास लागतात. दीडला बोट लागली तरी खाली उतरेपर्यंत सव्वादोन-अडीच. तिथून सहा-साडेसहापर्यंत फेरी, आणि प्रस्थानाआधी तीन तासांहून जास्त हाताशी. म्हणजे वेळ भरपूर. आता महिना पाहा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळची फेरीही चालेल. तीच ओळ सप्टेंबरच्या मध्यात असेल तर सूर्यास्त सातच्या आसपास, मग पहिलीच फेरी पकडायला हवी. आणि तीच ओळ "सकाळी ७ ते दुपारी १" अशी असेल तर एका फेरीनंतर दुसरं काही करायला वेळच उरत नाही. मी ती क्रूझ घेणार नाही.

याच नजरेनं "समुद्रावरचा दिवस" कुठे येतो ते पाहा. चांगल्या पाण्यातून जहाज दिवसाउजेडी जातं की रात्री झोपेत, हे नकाशावर बोट ठेवून तपासा.

फेरी क्रूझकडून घ्यावी की बाहेरून? बाहेरची स्वस्त असते, पण उशीर झाला तर जहाज थांबत नाही. परतीची वेळ आणि प्रस्थान यांत किमान दोन तासांचं अंतर असेल तरच बाहेरची घ्या. आणि "मासा दिसला नाही तर दुसरी फेरी मोफत" या हमीला क्रूझच्या प्रवाशानं भुलू नये. दुसऱ्या फेरीच्या वेळी तुम्ही पुढच्या बंदरात असाल. पैसे परत मिळतात का, हे विचारा.

टप्पा ७: व्हिसाची तारीख उलटी मोजा

हंगाम ठरला की प्रवासाच्या दिवसापासून मागे या. श्रीलंकेचं सोपं, ऑनलाइन परवाना. बाकी ठिकाणी हंगामाहून व्हिसाच जास्त लोकांना अडवतो.

अलास्कासाठी अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने जाऊ शकतात. व्हिसा नसेल तर यंदाचा नव्हे, पुढच्या वर्षीचा हंगाम धरा. त्याचबरोबर कॅनडाचा व्हिसाही लागतो. व्हँकुव्हरहून निघणाऱ्या क्रूझचं सगळ्यांच्या लक्षात येतं. पण सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी क्रूझसुद्धा वाटेत बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, कारण परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये एका परदेशी बंदरात थांबणं अमेरिकेच्या कायद्यानं भाग आहे. तिथे खाली उतरायचा विचार नसला तरी भारतीय पासपोर्टवाल्यानं कॅनडाचा व्हिसा हातात ठेवूनच निघावं.

आइसलँड-नॉर्वेला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपेक्षा लवकर करता येत नाही, आणि उन्हाळ्यात केंद्रावर तारखा भरलेल्या असतात, म्हणून सहा महिने होताच तारीख घ्या. क्रूझ साउथहॅम्प्टनहून सुटत असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा.

तपासणी: क्रूझची परत न मिळणारी रक्कम भरण्याची शेवटची तारीख आणि व्हिसा मिळण्याची अपेक्षित तारीख शेजारी लिहा. पहिली आधी येत असेल तर बुकिंग करू नका.

टप्पा ८: निघण्याआधी

दुर्बीण ७ किंवा ८ पटीची घ्या. १२ किंवा २० पटीची हलत्या डेकवर निरुपयोगी, चित्र थरथरत राहतं. घरी मरीन ड्राइव्हवर किंवा गोराईला उभं राहून लांबच्या बोटी शोधायचा सराव करा. डोळ्यांना दिसलेली गोष्ट झटकन दुर्बिणीत आणणं हे सवयीनंच जमतं.

बोट लागण्याचं औषध आपल्याकडे सहज मिळतं, पण उलटी सुरू झाल्यावर घेऊन फायदा नाही. निघण्याच्या पुरेसं आधी घ्यावं लागतं, आणि कोणतं, किती, हे घरच्या डॉक्टरांना विचारून, विशेषतः रक्तदाबाची किंवा इतर औषधं चालू असतील तर. औषधानं झोप येते का ते एखाद्या रविवारी घरीच पाहून ठेवा. सकाळी उपाशी जाऊ नका आणि तेलकटही खाऊ नका. दोन पोळ्या किंवा केळं पुरे, खिशात आलेपाक. त्रास वाटला तर बोटीच्या मधोमध, खालच्या डेकवर उभं राहून क्षितिजाकडे पाहा. मोबाइलकडे नाही.

मिरिसाला बोटी पहाटे साडेसहाच्या सुमारास निघतात, त्यामुळे आदला मुक्काम मिरिसा किंवा मातारालाच हवा. कोलंबोहून रात्रभर प्रवास करून थेट बोटीत बसणारे निम्मा वेळ आडवे पडलेले असतात.

टप्पा ९: डेकवर

बाल्कनीच्या खोलीत बसून राहू नका. तिथून एकच बाजू दिसते. पुढच्या उघड्या डेकवर जा, दोन-तीन जणांत क्षितिज वाटून घ्या आणि नुसत्या डोळ्यांनी सावकाश डावीकडून उजवीकडे नजर फिरवा. दुर्बीण नंतर.

शोधायची गोष्ट म्हणजे फवारा: कुकरच्या शिट्टीसारखी एकदम उठणारी आणि विरून जाणारी पांढरी वाफ. निळ्या देवमाशाचा फवारा नऊ मीटरपर्यंत सरळ उंच जातो. हंपबॅकचा बुटका आणि पसरट. स्पर्म व्हेलचा पुढे आणि डावीकडे कललेला, तो एकदा ओळखला की चुकत नाही. राइट व्हेलचा समोरून पाहिला तर दुभंगलेला दिसतो. एक फवारा दिसला की तिथेच नजर ठेवा, मासा बहुधा पुन्हा श्वास घेईल. शेपूट पूर्ण वर आली की तो खोल गेला. हंपबॅक पाच ते पंधरा मिनिटांत वर येतो, स्पर्म व्हेलला पाऊण तासही लागतो. म्हणून शेपटीनंतर लगेच "गेला, गेला" म्हणत आत जेवायला निघू नका. कमी ज्ञात गोष्ट अशी की समुद्रपक्षी एका जागी घिरट्या घालून पाण्यात सूर मारत असतील तर खाली खाद्य आहे. तिकडे नजर ठेवली तर अनेकदा फवाराही तिथेच उठतो.

दिसलेलं दुसऱ्याला सांगताना "तिकडे, तिकडे" म्हणू नका. जहाजाचं टोक म्हणजे बारा वाजले असं धरून "दोन वाजता, लांब" असं सांगा. पाच सेकंदांत सगळ्यांना सापडेल.

फोटो काढायचा असेल तर शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि पहिल्या दोन फवाऱ्यांना कॅमेरा उचलूच नका, मासा कुठल्या दिशेनं चाललाय ते आधी पाहा. हंपबॅकचा घ्यायचा फोटो शेपटीच्या खालच्या बाजूचा. त्यावरचे काळे-पांढरे डाग प्रत्येक माशाचे वेगळे असतात. तारीख, वेळ आणि जागा त्याच दिवशी लिहून ठेवा आणि घरी आल्यावर तो फोटो हॅपीव्हेलवर टाका. तुमचा हंपबॅक आधी कुणी पाहिलेला असेल तर तो कुठे आणि केव्हा दिसला होता हे तिथे समजतं, आणि तुमची नोंद पुढच्या वर्षी तोच पंधरवडा शोधणाऱ्या माणसाच्या कामी येते.